आसन ऐसपैस हवं

लहान मुलाची पँट नीट बसली आहे की नाही, हे ते उभं असताना कळत नाही. उकिडवं बसलं की कळतं. माझी लेक तीन वर्षांची आहे आणि तिचा निम्मा दिवस जमिनीलगत जातो. उकिडवं बसून मुंग्या बघायच्या, रांगत पलंगाखाली शिरायचं, पाय फाकवून खुर्चीवर चढायचं. हे सगळं चालू असताना दर थोड्या वेळाने तिचा एक हात मागे जायचा आणि पँट वर ओढायचा. रात्री कपडे बदलताना पोटावर इलास्टिकचा लाल वळ दिसायचा. म्हणजे कंबर घट्ट, आणि तरी पँट मागून घसरतेच. इलास्टिक सैल केलं तर घसरणं वाढायचं, घट्ट केलं तर वळ.

शेवटी ती पँट उलटी केली, एक पाय दुसऱ्या पायात घातला आणि टेबलावर सपाट पसरली. पुढचा आणि मागचा भाग जवळजवळ सारखाच कापलेला होता. मग टेप घेऊन लेकीलाच मोजलं. कमरेपासून मागच्या बाजूने दोन पायांच्या मधोमध येईपर्यंतचं अंतर आधी उभी असताना, मग उकिडवी बसवून. बसल्यावर ते चांगलं चार सेंटिमीटरने वाढलं. एवढं कापड पँटमध्ये नसेल तर ते कुठून तरी ओढून आणावं लागणार, आणि ते येतं कमरेवरून. इलास्टिक कितीही आवळा, शरीर वाकलं की कंबर खाली येणारच. दोष आसनाचा, म्हणजे पँटच्या दोन पायांमधल्या बसायच्या भागाचा होता आणि मी इतके दिवस उपाय कमरेवर करत होते. तेव्हाच ठरवलं की पोरीच्या पँटी आणि चड्ड्या आता घरीच शिवायच्या.

सरळ टीप मारता येत होती. उशांचे अभ्रे, पडदे वगैरे शिवून झाले होते. मुलांच्या पँटला खरं तर याहून जास्त काही लागत नाही. चेन नाही, काजं नाहीत, बेल्ट नाही, चुण्या नाहीत. दोन तुकडे कापड, चार शिवणी, कमरेला दुमडून केलेला एक नेफा आणि त्यात ओवायचं इलास्टिक. सगळी मेहनत असते ती कात्री हातात घेण्याच्या आधीची.

आईला फोन केला तर तिने पहिलं वाक्य टाकलं, "उभ्या पोरीचं माप घेऊ नकोस गं, बसव तिला." तिने आम्हा भावंडांचे सगळे कपडे शिवले आहेत, त्यामुळे मी वाद घातला नाही. कडक, सपाट स्टुलावर लेकीला बसवलं आणि कमरेच्या बाजूपासून स्टुलापर्यंत टेप सोडला. याला बैठकीचं माप म्हणा. मुलांच्या पँटमध्ये सगळ्यात मोलाचं माप हेच.

पण त्याआधी कंबर नेमकी कुठे आहे ते ठरवावं लागतं. या वयात पोट पुढे असतं, कंबर आणि सीट (कुल्ल्यांचा घेर) यांच्या मापांत फारसा फरक नसतो, आणि मोठ्यांसारखी आत वळलेली जागा सापडत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. पोटाभोवती इलास्टिकचा तुकडा सैलसर गाठ मारून अडकवायचा आणि मुलाला उड्या मारू द्यायच्या, वाकू द्यायचं. इलास्टिक स्वतःच जिथे जाऊन स्थिरावतं ती कंबर. आमच्याकडे ते पुढून बेंबीच्या खाली आणि मागून बरंच वर गेलं. ती तिरकी रेघच पुढच्या कामाची किल्ली ठरली. कमरेचं माप पोट भरलेलं असताना घ्यायचं, उपाशीपोटी घेतलं तर जेवणानंतर पँट टोचते. बाकी सीट, मांडीचा सगळ्यात जाड भाग आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची एवढं पुरतं. लेकीची मापं अशी आली: कंबर 52 सेंमी, सीट 56, बैठक 18.

घरात नीट बसणारी एखादी पँट असेल तर तिच्यावरूनही कागद, म्हणजे कापड कापायचा नमुना, उतरवता येतो. तेव्हा दोन गोष्टी सांभाळायच्या. इलास्टिक पूर्ण ताणून, जड वस्तू ठेवून मगच कमरेची रेघ आखायची, नाहीतर आकसलेली कंबर उतरते आणि पँट सीटवरून वर चढत नाही. आणि पुढचा भाग वेगळा, मागचा भाग वेगळा उतरवायचा. माझ्याकडे नीट बसणारी पँटच नव्हती, म्हणून मी मापांवरून आखलं.

बाजूची शिवण मला नको होती. एकेका पायाचा पुढचा आणि मागचा भाग एकाच सलग तुकड्यात काढला की बाहेरच्या बाजूला टोचायला काही राहत नाही आणि शिवायचं कामही कमी होतं. सीट 56, त्यात हालचालीसाठी 12 सेंमी सैलपणा, झाले 68. त्याचं निम्मं, म्हणजे 34, एका पायाला. कागदावर 34 सेंमी रुंद आणि 20 सेंमी उंच चौकोन आखला. 18 बैठकीचे आणि 2 सैलपणाचे. चौकोनाची खालची रेघ ती आसनाची रेघ. तिच्या एका टोकाला, पुढच्या बाजूला, 3 सेंमी बाहेर खूण केली आणि मागच्या बाजूला 6 सेंमी बाहेर. मागे दुप्पट का, तर बसल्यावर मांड्यांच्या मधून मागे जाणारं सगळं कापड तिथून मिळतं. मग वरच्या रेघेवर या. पुढचं टोक 1 सेंमी खाली उतरवलं, मागचं टोक 3 सेंमी वर चढवलं आणि 2 सेंमी आत घेतलं. मागची मधली रेघ अशी कलती झाली की कापड उकिडव्या बसलेल्या पाठीबरोबर वळतं. वरची टोकं बाहेरच्या खुणांना वळणदार रेघेने जोडली. पुढचं वळण छोटं, मागचं लांब आणि पसरट.

हे सगळे आकडे माझ्या लेकीचे आहेत. दुसऱ्या मुलाचे वेगळे येतील, पण मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच आणि रुंद हे मात्र कुठल्याही मुलाला लागू आहे. दुकानातल्या कितीतरी पँटी मी त्यानंतर घडी घालून तपासल्या. जिथे पुढची आणि मागची कंबर एका रेषेत येते, ती पँट मी आता उचलत नाही.

आसनाच्या रेघेखाली पाय. चड्डीला आतली शिवण 9 सेंमी ठेवली आणि मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, 40 सेंमी. तीन वर्षांच्या मुलीच्या मांडीला ही मोहरी फार वाटेल, पण चड्डी आखूड असली की ती मांडीच्या जाड भागावरच संपते. तिथे ती घट्ट असेल तर बसताना मांडीत रुतते आणि चालताना वर गोळा होते. पूर्ण पँटला मोहरी निमुळती करत 28 पर्यंत आणली, पाऊल सहज आत जाईल इतकी. पायाच्या आतल्या दोन्ही रेघा, पुढची आणि मागची, टेपने मोजून सारख्या करून घ्यायच्या. मागची जास्त तिरकी असते म्हणून लांब भरते. आणखी एक बारीक गोष्ट. खाली मुडपायची पट्टी कागदावरच आधी वर दुमडायची आणि दुमडलेल्या स्थितीत बाजूच्या कडा कापायच्या. कागद उलगडल्यावर पट्टीच्या टोकांना उलटा कल आलेला दिसतो. तो हवाच. तो नसला तर निमुळत्या पायाची पट्टी वर दुमडल्यावर अपुरी पडते आणि शिवण पिरगळते.

माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं जास्तीचं कापड, किती ठेवायची? शिवणींना सगळीकडे 1 सेंमी, वर नेफ्यासाठी 3.5 सेंमी आणि खाली निदान 3 सेंमी. माझं मत असं की खाली जितकी जास्त ठेवता येईल तितकी ठेवावी, त्याबद्दल पुढे लिहिते.

पहिली पँट जुन्या चादरीची केली, ती घालायची नव्हतीच. मांजरपाटही चालतं. मोठ्या टाक्यांनी भराभर जोडायची, कमरेला इलास्टिक पिनेने अडकवायचं आणि मुलाला खेळायला सोडायचं. मग नुसतं बघत बसायचं. कापडावर पडणाऱ्या चुण्या सगळं सांगतात. आसनापासून मांडीकडे पंख्यासारख्या ओढलेल्या रेघा दिसल्या तर बाहेर काढलेली टोकं अपुरी आहेत. बसताना मागची कंबर खाली उतरली तर मागची उंची वाढवा. उभं असताना मागे कापडाचा झोळ लोंबला तर उंची जरा जास्त झाली आहे, पण मुलांच्या पँटमध्ये थोडा झोळ मी राहू देते. दिसायला बेताचा असला तरी बसल्यावर तोच कामाला येतो. लेक पलंगाखाली जाऊन आली, स्टुलावर चढली, उकिडवी बसून चपलेचा पट्टा लावला. हात मागे गेला नाही. "आई, ही ओढत नाही," ती म्हणाली. मी कागदावर त्याच दिवसाची तारीख आणि तिची उंची लिहून ठेवली.

कापडाबद्दल माझे ठाम आग्रह आहेत. मुलांच्या कपड्यात कापड आधी हाताला आणि मग डोळ्यांना आवडायला हवं. गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघावं. तिथे खरखरीत लागलं तर मांडीच्या आतल्या बाजूला नक्कीच लागेल. सुती केंब्रिक, मऊ पॉपलिन, धुवून मऊ झालेलं लिनन, थंडीसाठी फलालीन किंवा बारीक धारीचं कॉर्डरॉय, हे सगळं साध्या मशीनवर छान शिवलं जातं. जाड कडक जीन्सचं कापड मला लहान मुलांसाठी पटत नाही. आसनाच्या जागी चार पदर एकत्र येतात तेव्हा तिथे एक टणक गाठ तयार होते, आणि ती गाठ घेऊन मूल दिवसभर बसतं.

सगळ्यात मऊ कापड मात्र घरातच निघालं, नवऱ्याच्या जुन्या सुती शर्टांचं. शंभर वेळा धुतलेलं कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. उजेडासमोर धरून विरळ झालेल्या जागा टाळायच्या. कोपर आणि कॉलरजवळचा भाग बहुतेक गेलेलाच असतो. पाठीचा भाग सलग मिळतो. शर्टाचा खालचा घेर सरळ असेल तर त्याची तयार मुडप चड्डीच्या मोहरीला तशीच वापरता येते, एक शिवण वाचते.

नवं कापड असेल तर बेतायच्या आधी धुवायचं, हे टाळू नये. सुती कापड मीटरमागे 3 ते 5 सेंमी सहज आटतं. आपण एवढ्या निगुतीने मागची उंची 3 सेंमी वाढवली आणि पहिल्याच धुण्यात त्यातली सेंटिमीटरभर गेली तर काय उपयोग? घरी कपडे ज्या पाण्यात धुतले जातात त्याच पाण्यात धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची. गडद रंग असेल तर पांढरा ओला रुमाल त्यावर घासून बघायचा.

110 सेंमी पन्ह्याच्या (रुंदीच्या) अर्ध्या मीटरमध्ये या मापाची चड्डी निघते, पूर्ण पँटला पाऊण मीटर पुरतं. कागद ठेवताना पायाची मधली रेघ कापडाच्या काठाला समांतर यायला हवी, म्हणजे उभा धागा पायाच्या उंचीत राहतो. तिरक्या धाग्यावर कापलेला पाय धुतल्यावर पिळवटतो आणि शिवण पुढे येऊन बसते. दोन पाय एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असायला हवेत, म्हणून कापड दुहेरी करून एकदमच कापावं. कॉर्डरॉयची लव किंवा एकाच दिशेला तोंड करून असलेली चित्रं असतील तर दोन्ही पाय एकाच दिशेने बेतायचे. कापून झाल्यावर मागच्या बाजूच्या वळणावर मी खडूने दोन खुणा करते आणि पुढच्या बाजूला एक. तुकडे हातात घेतल्यावर पुढचं कोणतं, मागचं कोणतं, हे बघताक्षणी कळतं.

शिवायला बसण्याआधी खिसा. खिसे, गुडघ्यावरची ठिगळं, सगळं काही तुकडे सपाट असतानाच जोडून घ्यावं, कारण एवढ्याशा पायाची नळी एकदा शिवली की मशीनचा पाय आत जात नाही. लेकीला खिसा हवाच होता. तिच्या खिशात खडे, बाटल्यांची झाकणं, एखादं वाळकं पान असतं, आणि ते सगळं दिवसातून अनेकदा बाहेर काढून मोजलं जातं. बाजूच्या शिवणीतला खिसा लहान मुलांना सापडत नाही. मांडीवर पुढच्या बाजूला, हात सरळ सोडल्यावर तळवा जिथे टेकतो तिथे, वरून लावलेला चौकोनी खिसा त्यांना बरोबर सापडतो. वरच्या दोन्ही कोपऱ्यांना छोटा त्रिकोण शिवायचा. सगळा जोर त्याच दोन जागांवर येतो.

सुती कापडाला 14 नंबरची सुई, पातळ असेल तर 11, टाका अडीच मिलिमीटर. दोरा पॉलिएस्टरचा वापरते, तो लवकर तुटत नाही. आधी प्रत्येक पायाची आतली शिवण, सुलट बाजू आत ठेवून. झाल्या दोन नळ्या. मग एक नळी सुलट करायची आणि उलट असलेल्या दुसऱ्या नळीत घालायची, म्हणजे सुलट बाजू समोरासमोर येतात. आतल्या शिवणी एकमेकींवर बरोबर टेकवून तिथे पहिली टाचणी. मग पुढची कंबर, मागची कंबर, आणि मधलं वळण. पुढच्या कमरेपासून खाली, आसनातून, मागच्या कमरेपर्यंत एकच सलग टीप.

आतल्या दोन शिवणी जिथे भेटतात ती जागा मी सगळ्यात जास्त जपते. तिथे एका पायाची माया पुढच्या बाजूला वळवायची आणि दुसऱ्या पायाची मागच्या बाजूला. दोन्ही एकाच बाजूला पडल्या तर पदरांचा ढीग होतो आणि सुई अडखळते. विरुद्ध पडल्या तर त्या एकमेकींत बसतात आणि बोट फिरवलं तरी उंचवटा जेमतेम जाणवतो. मशीन तिथे चाकाने हळूहळू फिरवायचं. पहिल्या टिपेच्या दोन मिलिमीटर आत, मायेच्या बाजूला, दुसरी टीप मारायची, निदान वळणाच्या भागात तरी. मुलांच्या पँटी उसवतात त्या इथेच. मग वळणातली माया 6 मिलिमीटरपर्यंत छाटायची, म्हणजे वळण पसरायला मोकळं होतं. ही शिवण उघडून इस्त्रीने सपाट करायची नाही. वळण तिथे उभंच राहू द्यायचं. कडांना झिगझॅग किंवा इंटरलॉक. दोन्ही नसेल तर आतल्या सरळ शिवणींना फ्रेंच शिवण घालावी: आधी उलट बाजू आत ठेवून बारीक शिवण, ती छाटून पलटायची आणि मग सुलट बाजू आत ठेवून दुसरी. दोरे बाहेर येत नाहीत आणि कातडीला मऊ लागतं. आसनाच्या वळणाला मात्र ही शिवण नको, ती तिथे जाड होते.

होजिअरीचं ताणणारं कापड असेल तर रीत थोडी बदलते. गोल टोकाची सुई लागते, साधी सुई धागा कापते आणि धुतल्यावर तिथे भोकं पडतात. शिवण अरुंद झिगझॅगची, कारण सरळ टीप कापडाबरोबर ताणत नाही आणि तटकन तुटते. सैलपणाही कमी ठेवावा.

आता नेफा. वरची कड आधी 1 सेंमी दुमडायची, मग अडीच सेंमी, इस्त्रीने पक्की करायची आणि खालच्या कडेला टीप मारायची. मागच्या मधल्या शिवणीपाशी दोन बोटं जागा उघडी ठेवायची. वरच्या कडेलाही काठोकाठ एक टीप मारली की नेफ्याला आकार येतो आणि इलास्टिक पिरगळायला जागा उरत नाही. मी 2 सेंमी रुंदीचं, सपाट विणीचं इलास्टिक वापरते. वेणीसारखं गुंफलेलं इलास्टिक ताणल्यावर अरुंद होतं आणि नेफ्यात गोळा होऊन दोरीसारखं रुततं. अगदी बारीक इलास्टिकही नको. दाब जितक्या रुंद जागेवर पसरेल तितका वळ कमी.

इलास्टिकची लांबी सूत्राने ठरवतात: कंबर वजा दोन ते पाच सेंमी, अधिक जोडासाठी 2 सेंमी. पण नरम आणि कडक इलास्टिकमध्ये इतका फरक असतो की सूत्र फक्त सुरुवातीला धरावं. सेफ्टी पिनेने इलास्टिक ओवल्यावर टोकं लगेच शिवत नाही. दोन्ही टोकं पिनेने जोडते, पिन नेफ्याच्या बाहेर, नीट बंद, आणि लेकीला माझ्या नजरेसमोर पँट घालून वावरू देते. जेवण होऊ देते. मग कमरेत दोन बोटं घालून बघते. सहज गेली पाहिजेत. आता मागच्या आसनात पुरेसं कापड असल्याने पँट वर धरून ठेवायचं कामच इलास्टिकला उरलं नव्हतं, आणि मी धरलेल्या लांबीपेक्षा ते बरंच सैल ठेवता आलं. वळ गेला तो तिथे.

माप ठरलं की टोकं एकमेकांवर सपाट ठेवून चौकोनात शिवायची, गाठ मारायची नाही. उघडी जागा बंद करायची. कंबर चारी बाजूंनी ताणून कापडाच्या चुण्या सारख्या पसरायच्या आणि मागच्या मधल्या शिवणीवर, तसंच दोन्ही बाजूंना, नेफ्यातून आरपार उभी टीप मारायची. इलास्टिक मग आत फिरत नाही. मागच्या उभ्या टिपेतच रंगीत फितीचा छोटा तुकडा अडकवते. तीन वर्षांच्या मुलीला पुढचं-मागचं त्या फितीवरून कळतं. "लाल मागे," असं म्हणत ती आता स्वतः पँट घालते. शौचाला जाताना तिला स्वतःला पँट खाली करता येणं हेही मला तितकंच गरजेचं वाटतं. त्या घाईच्या वयात बटण किंवा नाडीची गाठ सोडवत बसायला मुलांना वेळ नसतो.

नाडीचा विषय निघालाच आहे तर लिहिते. कमरेला शोभेची नाडी छान दिसते, पण लोंबणारी टोकं मी ठेवत नाही. झोक्यात, घसरगुंडीवर, सायकलच्या चाकात ती अडकतात. युरोपात मुलांच्या कपड्यांमधल्या दोऱ्या आणि नाड्यांसाठी ईएन 14682 नावाचं मानकच आहे. सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यात टोपीला आणि गळ्याशी नाडी ते चालू देत नाही. घरी शिवताना आपल्यावर कुणाची तपासणी नसते, म्हणून आपणच जास्त जागरूक राहायला हवं. शोभाच हवी असेल तर फितीचा बो करून तो पूर्ण शिवून टाकावा. शोभेची बटणं तीन वर्षांखालच्या मुलांना नकोतच. निघालं की थेट तोंडात जातं.

वहिनीने लेकीच्या चड्ड्या पाहिल्या आणि भाच्यासाठी मागितल्या. "ताई, याला नॅपीवर काहीच नीट बसत नाही हो," ती म्हणाली. भाचा रांगता आहे. रांगणाऱ्या बाळाचं गणित निराळं. कापडी नॅपी बांधलेली असतानाच सीट आणि बैठक मोजली. मागची उंची लेकीच्या चड्डीपेक्षाही 2 सेंमी वाढवली, आणि दोन पायांच्या मधे चौकटच्या आकाराचा जोड घातला, 14 सेंमी लांब आणि 8 सेंमी रुंद, टोकं पुढे-मागे. त्यासाठी आतल्या शिवणी आणि आसनाची शिवण थोडी उसवून जोड त्यांच्यामध्ये बसवायचा. चारही कोपऱ्यांवर सुई कापडात रोवून ठेवायची, मशीनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचं आणि पुढे जायचं. काम किचकट आहे, घाई चालत नाही. पण चार शिवणी एका बिंदूवर येणं या जोडामुळे टळतं, नॅपीला जागा मिळते आणि पाय पूर्ण फाकतात. बाळाच्या पँटला मोहरीलाही मऊ इलास्टिक घालावंसं वाटतं; मी त्याऐवजी होजिअरीची रुंद पट्टी लावली. रांगताना पँट वर सरकत नाही आणि पोटरीवर वळ उठत नाही. भाचा ती घालून जिन्याच्या दोन पायऱ्या चढला आणि वहिनीने त्याला धरून खाली आणलं.

आता वाढीचं. मुलं उंचीत भराभर वाढतात, घेरात त्या मानाने फार सावकाश. त्यामुळे पँट टाकायची वेळ येते ती बहुतेक वेळा पायात आखूड झाली म्हणून. यासाठीच खालची माया सढळ ठेवायची. पूर्ण पँटला मी खाली 6 सेंमी ठेवते आणि ती आतून दोनदा मुडपून हाताने लांब टाके घालते, मशीनने नाही. टाके उसवले की पट्टी सोडता येते आणि मशीनच्या भोकांची रेघही दिसत नाही. इलास्टिकचंही तसंच. मागची उघडी जागा हातानेच शिवली असेल तर पुढच्या वर्षी तिथूनच इलास्टिक बदलता येतं. गुडघे विरले की पँटची चड्डी करायची. म्हणून कागदावर चड्डीची मोहरी कुठे येते ती रेघ मी कायम आखून ठेवते.

मोठा कागद करताना सगळीकडून सारखं वाढवायचं नाही. लेकीची उंची दरम्यान वाढली, तेव्हा पुन्हा स्टुलावर बसवून मोजलं तर बैठक अर्धाच सेंटिमीटर वाढली होती आणि सीट दोन. पाय मात्र चांगलेच लांब झाले होते. जुना कागद मी गुडघ्याच्या रेघेवर आडवा कापला, दोन तुकडे पाच सेंमी लांब सरकवून मधे नवा कागद चिकटवला आणि आसनाच्या रेघेपाशी अर्धा सेंमी उघडला. रुंदीत उभी चीर देऊन एक सेंमी घातला, त्याने दोन पायांचे मिळून दोन झाले. मागची वर चढवलेली 3 सेंमी तशीच ठेवली. नव्या कागदावर नवी तारीख टाकली आहे आणि नवऱ्याचा आणखी एक शर्ट, निळ्या रेघांचा, धुवून, इस्त्री करून टेबलावर ठेवला आहे. या वेळी लेकीला खिसे दोन हवेत.